बिबड्यांचं भाडं

कलाबाईला कुणी "तुमचं घर कुठं?" असं विचारलं तर ती तोंडाने पत्ता सांगत नसे, हात लांब करून दाखवायची. उधन्याच्या मागच्या अंगाला मगनशेठचं खातं होतं. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातंच म्हणतात. त्या खात्याच्या फाटकाला खेटून एक खोली, वर सिमेंटचा पत्रा, दारात लिंब आणि भिंतीपलीकडे दोन्ही पाळ्यांत धडधडणारे माग. नवा पाहुणा खोलीत आला की ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा. कलाबाई हळूच बोलायची, तरी सगळ्यांना ऐकू जायचं. मागाच्या दोन ठोक्यांमधल्या फटीतून शब्द सरकवायचं तिला साधलं होतं. सुटीच्या दिवशी माग बंद असले की उलट तिची झोप उडायची.

पारोळ्याकडच्या खेड्यातून ती इथे आली तेव्हा अंगावरची हळद उतरली नव्हती. नवरा धुडकू खात्याचा वॉचमन. फाटक उघडायचं, सुताचे बोजे उतरवून घ्यायचे, कापडाचे तागे टेम्पोत चढवायचे, आणि बाकीचा वेळ मिशीला पीळ देत बसायचं. नवी नवरी घेऊन तो शेठच्या पाया पडायला गेला तेव्हा मगनशेठने पान चघळत खोलीकडे बोट केलं. "धुडकू, आ खोली तारी. तू जीवे त्यां सुधी." तू जगशील तोवर. धुडकूने ते ऐकलं, कलाबाईने पदराआडून ऐकलं आणि लिंबावरच्या कावळ्याने ऐकलं. चौथा कुणी नव्हता. असल्या बोलण्याला साक्षीदार लागतो हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात!

शेठचं बिऱ्हाड तेव्हा खात्याच्या माडीवरच होतं. शेठाणी जडावबा. गोरी, जाडजूड, गुडघ्यांनी बेजार आणि बोलायला मोकळी. कलाबाई तिच्याकडे कामाला नव्हती, धुण्याभांड्यांना दुसरी बाई यायची. पण दुपारी माडीवर जाऊन बाच्या पायाशी बसायचं, तांदूळ निवडता निवडता खान्देशातल्या सासवांच्या नकला करायच्या आणि बाला हसवून हसवून खोकला आणायचा, हा तिचा नेम. रंजना जन्मली तेव्हा सुईण यायच्या आधी जडावबा गुडघे धरत जिना उतरून खोलीत आली होती. लेकीला पहिला मध तिनेच चाटवला.

प्लेगच्या साली निम्मं सुरत गाड्या भरभरून पळालं. शेठचा मुलगा जयेशभाई बायकापोरं घेऊन मुंबईकडे गेला, शेठलाही ओढून घेऊन गेला. जडावबा हलली नाही. "मरवुं तो घेर ज मरवुं," म्हणाली, मरायचं तर घरातच, आणि दार लावून बसली. मग धुडकू तोंडाला फडकं बांधून गोळ्या शोधत हिंडला, आणि कलाबाई खाली-वर करत राहिली. भाजी मिळेना, म्हणून दोघी बायका वरण आणि बिबड्यांवर दिवस काढत होत्या. जडावबा पुढे सगळ्यांना सांगायची, "प्लेग मने शुं करे? मैं तो कलानां बिबडां खाधां छे."

बिबडे म्हणजे खान्देशी माणसाचा जीव. ज्वारी ओलवून कांडायची, भरडायची, आंबवायची, मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, त्यात लसूण, मिरची, तीळ, आणि गरम गरम घाटा ओल्या कापडावर हाताने थापायचा. हाताला फोड येतात. एकट्या बाईचं ते काम नव्हेच. डिंडोली-गोडादऱ्याहून गाववाल्या बायका यायच्या, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. कलाबाईला अंगण नव्हतं, म्हणून खात्याच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, ग्रे म्हणजे बिनरंगाच्या कापडाचे तुकडे अंथरून ती बिबडे थापायची. एखाद्या बिबड्याला सुताचा धागा चिकटायचाच. जडावबा तो धागा ओढून काढायची नि म्हणायची, "आ मारा खातानी नजर लागी."

तर दर उन्हाळ्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पहिली टोपली माडीवर जायची. मग बाकीच्यांची.

मगनशेठ प्लेगच्या पुढच्या साली गेले. माणूस शिस्तीचा. मृत्युपत्र करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, नोंदवून ठेवलेलं. खातं जयेशला, अठवा लाईन्सचा नवा बंगला जडावबाला जिवात जीव असेतोवर, देवळाला अमुक, बहिणीला तमुक. धुडकूच्या खोलीचं त्यात नाव नव्हतं. विसरले असतील, किंवा बोललो म्हणजे झालंच असं त्यांना वाटलं असेल. जडावबा बंगल्यावर राहायला गेली. जयेशभाईने कारभार हातात घेतला आणि वकिलाच्या सांगण्यावरून सगळ्या नोकरांकडून स्टॅम्पपेपरवर नोकरीचे करार करून घेतले. धुडकूनेही सही केली. शेठच्या घरचा कागद वाचायचा नसतो, हा त्याचा धर्म. कागदात होतं की खोली नोकरीसोबत दिली आहे, नोकरी संपली की खोली सोडायची.

पुढच्या थंडीत धुडकूची छाती भरली आणि नोकरी संपली.

जयेशभाई वाईट माणूस नव्हता. तेराव्याला येऊन बसला, रडला. पण मागांचा धंदा त्याला नको होता. खातं विकायचं ठरलं होतं, आणि घेणाऱ्याला जागा मोकळी हवी होती. दोनदा तो तोंडाने बोलला, "मासी, बीजी खोली जुओ ने." कलाबाई म्हणाली, "बघते." पण दुसरी खोली काही बघितली नाही. मग नोटीस आली.

ती वाचून दाखवली दगाने. दगा तिचा धाकटा दीर, पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये होता. त्याचे हात कधी निळे, कधी गुलाबी. नोटीस धरली त्या दिवशी ते हिरवे होते, आणि कागदाच्या कडेला हिरवा अंगठा उठला.

"वयनी, खाली करा म्हनस."

"आनि रंजना?"

दगाला आधी कळेना. रंजनाचं लग्न झालं होतं, सासर तिकडे लिंबायतला, एकत्र कुटुंब, सासूचा हात आणि जीभ दोन्ही जड. आखाजीला खान्देशातली लेक माहेरी येते. जे मिळेल ते खाते, झोका खेळते, तोंडाला येईल ते बोलते. वर्षाचं उसनं हसून घेते. रंजनाला माहेर म्हणजे हीच एक खोली. गावाकडचं घर कधीच भावकीत गेलं होतं.

"माय जिती शे आनि लेकले माहेर नही," कलाबाई म्हणाली, "असं कसं चालंल रे दगा?"

दगा तिला डिंडोलीला योगेंद्र वकिलाकडे घेऊन गेला. वकील अमळनेरकडचा, तरुण, नवी नवी सनद. एका बाजूला सायकल दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी आणि मधे याचं ऑफिस, त्यामुळे त्याच्या काळ्या कोटावर कायम पीठ. बसलेली माणसं तीच तीच विचारायची. भाडेपावती नसली तर मालक काढू शकतो का? अकरा महिन्यांचाच करार का करतात? अंगठा दिला तर चालतो का? वकील उत्तरं देऊन देऊन पाठ झालेल्या पोरासारखा बोलायचा.

"शेठनी शब्द दिधा व्हता," कलाबाईने सुरुवात केली.

"कागदावर?"

"तोंडानं."

"तोंडाच्या शब्दानं मालकी मिळत नाही, मावशी. मृत्युपत्र लिहावं लागतं, दोन साक्षीदार लागतात. आणि शब्द तरी काय होता?"

"तू जगशील तोवर."

वकिलाने पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "धुडकूभाऊ तर गेले, मावशी. शब्द धरला तरी संपला."

दगानेच करार पुढे सरकवला. वकिलाने तो वाचला आणि डोकं खाजवलं. त्याच्या केसांतूनही पीठ उडालं.

"हे तर आणखी वाईट. नोकरीची खोली म्हणजे भाड्याची खोली नाही. परवानगीनं राहणं. नोकरी गेली, परवानगी गेली. भाडं दिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. भाडेकरूला असं उठवता येत नाही. कधी काही भाडं दिलं का? थोडं का होईना?"

"भाडं कशाचं? ती काय परकी माणसं व्हती?"

"काहीच दिलं नाही? आठवा."

"काही नही. म्हनजे बिबडे द्यायची मी बाले, ते सोडा."

वकिलाने खाजवायचा हात खाली घेतला. "कधी द्यायच्या?"

"उन्हाळ्यात. आखाजीच्या आधी."

"दरसाल?"

"हो मग. रंजनाचं लग्न व्हतं तेव्हासुद्धा दिधे. मांडव एकीकडे नि घाटा एकीकडे."

"एकदाही चुकलं नाही?"

"बिबडे कधी चुकतीन का, भाऊ?"

योगेंद्र वकील खुर्चीवरून उठलाच. फळीवरून जाड पुस्तक काढलं, पीठ झटकलं, पान शोधलं. भाडं म्हणजे फक्त पैसा नव्हे, त्याने सांगितलं. जागेच्या बदल्यात ठरलेल्या वेळी दिलेलं काहीही भाडं होऊ शकतं. पिकाचा वाटा, एखादी सेवा, कुठलीही किमतीची वस्तू. "मावशी, तुम्ही इतकी वर्षं भाडं भरताय आणि तुम्हाला ठाऊक नाही!"

दगाने हिरव्या हाताने मांडीवर थाप मारली. "घ्या! वयनी, तुम्ही तर भाडेकरू निघाल्या!"

कलाबाईला आनंद झाला, पण कुठेतरी दाताखाली खडा आल्यासारखं झालं. ती म्हणाली, "ते भाडं नव्हतं, भाऊ."

"नव्हतं ना, पण होतं. कोर्टात तसं म्हणायचं."

दावा दाखल झाला, आणि निकाल लागेपर्यंत खोलीला हात लावू नये असा हुकूमही मिळाला. जयेशभाईचं गिऱ्हाईक खोळंबलं. रंजना त्या आखाजीला आली, लिंबाला झोका बांधला. कलाबाईला वाटलं, कायदा म्हणजे अगदीच परका नाही.

पण योगेंद्र वकील पुढच्या तयारीत होता. पुढचा उन्हाळा लागला तसा त्याने तिला बोलावून घेतलं. "मावशी, यंदा बिबडे द्यायचेत. खंड पडायला नको. आणि एक करा, बांकडून पावती घ्या."

"कशाची?"

"बिबड्यांची. खोलीच्या भाड्यापोटी बिबडे मिळाले, एवढंच. सही घ्या. बा लिहितात ना?"

"भाऊ, बिबड्यांची पावती घेतली तर गाववाल्या बाया माले थापाले बोलावतीन का पुन्हा?"

"मावशी, हसू नका. जडावबांनी एवढं लिहून दिलं तर जयेशभाईंचा वकील काही करू शकत नाही. खोली तुमची."

खोली तुमची. हे शब्द घेऊन कलाबाई बसमध्ये बसली. मांडीवर टोपली, टोपलीवर पदर आणि कमरेच्या पिशवीत वकिलाने गुजरातीत लिहून दिलेला तयार कागद. नुसती सही घ्यायची होती.

अठव्याच्या बंगल्यात जडावबा पलंगावर होती. वाळली होती, दात निघाले होते, पण डोळे तेच. भांडणाचं तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. जयेशभाईने तेवढं जपलं होतं.

"आवी?" ती म्हणाली. "हुं केटला दिवसथी वाट जोउं छुं. लाव, लाव."

तिने एक बिबडा घेतला, नाकाशी धरला, बोटांनी चाचपला. चावता येत नव्हतं. मग सुनेला हाक मारून गरम पाणी मागवलं, बिबडा भिजवला, आणि लहान पोरासारखी चोखत बसली.

"लसूण ओछुं छे," म्हणाली. लसूण कमी पडला म्हणे.

"ओछुं नथी बा, तुमची जीभ गेली."

"जीभ नथी गई. दांत गया. जीभ तो हजी तने गाळ देय एवी छे." शिव्या द्यायला जीभ अजून शाबूत होती. दोघी हसल्या, खोकला येईपर्यंत.

कलाबाईचा हात कमरेच्या पिशवीवर गेला. कागद तिथे होता. पाठ चोळून झाली, पाणी पाजून झालं, दोनदा "बा" म्हणून झालं. "शुं?" बाने विचारलं. कलाबाई म्हणाली, "काही नही. धागा राहिला का बघत होते."

निघताना जडावबाने सुनेला डोळ्यांनी खुणावलं. टोपलीत पिकलेले आंबे आले, वर सुरती नानखटाई, वर घरचा गूळ, आणि तळाशी रंजनासाठी एक कोरं झंपर. "खाली टोपली पाछी न अपाय," बा दरसाल म्हणायची तेच पुन्हा म्हणाली. टोपली रिकामी परत करायची नसते.

वकिलाने विचारलं तेव्हा कलाबाई म्हणाली, "बा झोपली व्हती."

"मग उठवायचं ना, मावशी!"

"म्हातारं मानूस. कसं उठवू?"

योगेंद्रने कपाळाला हात लावला. आता सगळं तिच्या जबानीवर होतं. त्याने तिला पढवलं: विचारतील तेवढंच बोलायचं. हो किंवा नाही. बिबडे का देत होता? खोलीसाठी. शेठाणी घेत होत्या का? हो. बस्स.

जबानीचा दिवस उजाडेपर्यंत आणखी एक उन्हाळा आला. कोर्टात उकडत होतं. पंखा फिरत होता आणि कागद उडवत होता. जज्जसाहेब गुजराती, लिहून घेणारा गुजराती, कलाबाईची भाषा अर्धी अहिराणी, अर्धी सुरती. पहिल्याच प्रश्नाला अडलं. लिहिणाऱ्याने विचारलं, बिबडे म्हणजे काय? योगेंद्र म्हणाला, ज्वारीचे पापड.

"पापड न्यारे," कलाबाई पिंजऱ्यातून म्हणाली. "पापड लाटतस. बिबडे थापतस."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "लखो, जुवारना पापड. थापेला."

योगेंद्रचे प्रश्न नीट पार पडले. हो, खोलीसाठी. हो, दरसाल. "खोलीसाठी" म्हणताना कलाबाईने नजर कोपऱ्यात ठेवली होती. समोर बाकावर जयेशभाई बसला होता, रुमालाने मान पुसत. त्याच्या लहानपणी त्याच बिबड्यांवर तो तेल-तिखट घालून मागायचा.

मग जयेशभाईचे वकील उठले. कापडिया वकील, म्हातारे, बारीक, आवाज गोड. त्यांनी करार दाखवला, सही दाखवली. मग पान उलटून सहज विचारल्यासारखं विचारलं, "मासी, तमे बिबडां टोपलीमां लई जता ने?"

"हो."

"ए टोपली तमने पाछी मळती? खाली?"

म्हणजे टोपली परत मिळायची ना, रिकामी?

योगेंद्रने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं, आणि कलाबाईने ते वाचलं. ती अडाणी होती, मूर्ख नव्हती. भाडं एका बाजूने जातं. घरमालक भाडं घेतो आणि वर आंबे देत नाही. 'हो, रिकामी' एवढंच म्हणायचं होतं. जडावबा इथे नव्हती. जयेशने आईला कोर्टात आणलं नसतं. खोटं कुणाला सापडणार नव्हतं. आखाजी तोंडावर होती आणि रंजनाचा निरोप आला होता, सासूने येऊ देते म्हटलं आहे.

कलाबाईने कठडा धरला.

"रिकामी?" ती म्हणाली. "वकीलसाहेब, तुम्ही बाले ओळखतस का?"

"हा के ना कहो, मासी."

"रिकामी टोपली धाडनारी बाई नही ती! तिच्या घरून खाली टोपलं कधी आलं नही. आंबा आला, पोंकाचा हुरडा आला, गोड घारी आली. रंजनाच्या बाळंतपनात सुंठीचे लाडू आले. माना मालक गया तवा पंधरा दिस टोपलं बंगल्यावरून आलं, मी न धाडता आलं. तुम्ही भर कोर्टात तिले कंजूस करतस?"

पंख्याखाली कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. लिहिणाऱ्याने लेखणी थांबवून विचारलं, आ बधुं लखवुं? साहेब म्हणाले, लखो.

कापडिया वकील मऊ आवाजात म्हणाले, "तो पछी भाडुं क्यां रह्युं, मासी? आ तो वहेवार थयो." मग भाडं कुठं राहिलं? हा तर घरोब्यातला वहेवार झाला.

"हो," कलाबाई म्हणाली. "वहेवारच. घरोब्याचं देनं-घेनं. मी वकीलभाऊला पैलेच सांगलं व्हतं."

योगेंद्रने फाईलची दोरी बांधली.

बाहेर व्हरांड्यात तो इतका चिडला होता की बोलताना कोटावरचं पीठ झडत होतं. "एक शब्द, मावशी! एक! मी तुमच्यासाठी पुस्तकं पालथी घातली!"

"तुनी मेहनत गयी, भाऊ. माले माहीत शे," कलाबाई म्हणाली. "पन मी खोलीसाठी तिले भाडं खानारी केली असती, तर त्या खोलीत मी बसली कशी असती?"

दगा भिंतीला टेकून उभा होता, आज जांभळा. त्याने तिची पिशवी फक्त स्वतःकडे घेतली.

जयेशभाई आला तो मान पुसतच. कापडिया मागे उभे. त्याने रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाला, "मासी, तुम्ही हो म्हटलं असतं तर केस अजून किती वर्षं चालली असती, ठाऊक आहे?"

"ठाऊक नही. काय सांगतस ते सांग."

"मला जागा पाहिजे. तेवढं मी सोडू शकत नाही. सौदा झालाय." त्याने कापडियांकडे पाहिलं. "पण निकालाची वाट नको. आपण लिहून टाकू. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. नव्या खोलीचं डिपॉझिट मी भरतो."

"डिपॉझिट माना दगा भरी." दगाने चमकून पाहिलं, पण मान हलवली. "माले ही आखाजी दे. रंजना येवाची शे. तिचा झोका उतरला की चावी तुझी."

"बस एटलुं?"

"एवढं का कमी शे?"

कापडियांनी तिथेच खिडकीत कागद ठेवून तडजोडीचा मजकूर लिहिला. योगेंद्रने वाचून दाखवला, एक ओळ खोडायला लावली, मग कलाबाईने सही केली. साहेबांसमोर तो कागद गेला आणि दावा संपला. त्या आखाजीला रंजना आली. खूप खाल्लं, खूप झोपली, सासूच्या नकला केल्या, आईसारख्याच. शेवटच्या दिवशी दोघींनी मिळून भांडी बांधली. मागांचा आवाज तेव्हा आधीच थांबलेला होता. मिस्त्री लोक ते सुटे करून नेत होते, आणि रंजना सवयीने अजूनही ओरडून बोलत होती.

नवी खोली मिळाली गोडादऱ्यात. मालक योगराज, नंदुरबारकडचा, स्वतः आधी मागावर होता, मग प्लॉट घेऊन वर दोन मजले चढवले. माणूस मोकळा, हसरा. छापील कराराचा कागद घेऊन आला. अकरा महिने, नळ सकाळीच, खिळे ठोकायचे नाहीत. "मावशी, गावचं मानूस, कागद काय पाहिजे? पन हल्ली लागतो म्हनून."

"वाचून घेऊ दे," कलाबाई म्हणाली.

ती त्याला घेऊन थेट डिंडोलीला आली. योगेंद्र वकिलाने तिला पाहून हात जोडले, राग गेला होता की नाही कळलं नाही. तो वाचू लागला, ती प्रत्येक ओळीला "म्हनजे?" विचारू लागली. गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका दारात थांबून ऐकायला लागल्या. 'भाडेकरूने पाहुणे मुक्कामास ठेवू नयेत' अशी ओळ आली, तशी कलाबाई म्हणाली, "थांब. हे काढ."

"ते सगळ्यांसाठी छापलेलं शे, मावशी," योगराज म्हणाला.

"आनि तठे लिव्ह, आखाजीले आनि सनावाराले लेक-जावई येतीन, राहतीन. मालकाची हरकत नही."

योगराज खदाखदा हसला. "अहो, लेक आली तर मी काय हाकलीन? मी पन खान्देशी मानूस!"

"तू नही हाकलशी," कलाबाई म्हणाली. "तू चांगला शे. पन तुना आंडोर?"

योगराजचं हसू तोंडावरच राहिलं. त्याचा मुलगा कॉलेजात होता आणि घरात गुजरातीशिवाय बोलत नव्हता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "लिव्हा वकीलसाहेब," म्हणाला.

योगेंद्र लिहू लागला. अर्ध्यावर थांबला. "किती दिवस राहतील ते लिहावं लागेल, मावशी. आकडा."

"आकडा नको."

"मोघम ठेवलं तर भानगड होते. मी लिहितो 'वाजवी मुदत'."

"वाजवी म्हनजे किती?"

"ते कुणालाच ठाऊक नसतं," योगेंद्र म्हणाला. "त्याच्यावर तर खटले चालतात."

कलाबाईने दारातल्या बायकांकडे पाहिलं, मग सहीसाठी पेन हातात घेतलं. "मंग तेच लिव्ह," ती म्हणाली. "चालू दे खटला. तोवर रंजनाचे नातू व्हतीन."